रद्द फेरीतली उडी

नॉर्वेचा तो माणूस आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याची दोन्ही कोपरं खरचटलेली होती आणि माझ्या नवऱ्याच्या शर्टाची वरची बटणं तुटलेली होती. दोघं दारात उभे राहून हसत होते. मारामारी झाली असावी असं मला वाटलं. तसं नव्हतं.

बहरीनमध्ये मुहर्रकच्या पलीकडं समुद्रात भराव घालून जहाज दुरुस्तीची मोठी गोदी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. माझा नवरा तिथं रिगिंगचा सुपरवायझर होता. जहाजाचा पंखा, नांगर, पोलादी पत्रे असल्या अवजड वस्तू साखळ्या आणि क्रेन लावून उचलायच्या आणि सांगितल्या जागी अलगद ठेवायच्या, हे त्याच्या टोळीचं काम. नॉर्वेचा माणूस रंगाचा इन्स्पेक्टर होता. जहाजाच्या पोटावरचा गंज नीट खरवडला आहे का, त्यावर रंगाचे थर पुरेसे बसले आहेत का, हे तो तपासायचा. गोदीत रत्नागिरी-मालवणकडचे बरेच वेल्डर आणि फिटर होते. त्यांनी त्याचं नाव नॉर्वेकर ठेवलं. आमच्या घरातही तेच रुळलं. मी राजधानी मनामातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझा नवरा दोरखंडांच्या शेडमध्ये गेला, तर नॉर्वेकर एका उंच लाकडी खोक्यावर उकिडवा बसला होता. छाती मांड्यांना टेकलेली, हात मागं ताणलेले, नजर समोर. दुसऱ्याच क्षणी त्यानं डोकं पुढं करून स्वतःला हवेत झोकून दिलं. समोर जुन्या ताडपत्र्यांचा ढीग होता, तो माझ्या नवऱ्याला दिसला नाही. त्याला फक्त पडणारा माणूस दिसला.

माझा नवरा मिरजेच्या तालमीत मल्लखांब शिकला होता आणि पुढं काही वर्षं शिकवतही होता. शिकवणारा खांबाशी उभा असतो आणि वरून अंग सुटलं की त्याचे हात विचार न करता वर जातात. तसेच ते त्या दिवशी गेले. त्यानं नॉर्वेकरला कमरेशी धरून हवेतच झेललं. नॉर्वेकर घाबरला नाही, वाकलाही नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत फळीसारखा ताठ, क्षणभर तसाच राहिला. मग दोघं मिळून खाली आदळले. उठून कोपरं झाडत नॉर्वेकर एकच शब्द बोलला, "पुन्हा."

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यानं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. तो स्की जंपर होता. डोंगराच्या उतारावर लाकडी मनोऱ्यासारखी एक घसरण बांधलेली असते. स्पर्धक पायाला लांब पट्ट्या बांधून वरून खाली घसरत येतो आणि घसरण जिथं संपते तिथं उसळी घेऊन हवेत जातो. खाली बर्फाचा उतार असतो. किती लांब जाऊन उतरला याचे गुण, शिवाय हवेत अंग स्थिर होतं का आणि एक पाय पुढं घेऊन, गुडघे वाकवून नीट उतरला का याचेही गुण. पाच पंच असतात. हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. मल्लखांबातही उतरताना पाय हलला की गुण जातात, असं त्यानं सांगितलं. तेवढ्यावर दोघांचं जमलं.

नॉर्वेकरची कारकीर्द थोडक्यात अशी. वडील दुधाच्या डेअरीत कामाला होते आणि डेअरीच्या मागं लहान मुलांसाठी एक छोटी घसरण होती. तिथं तो सहाव्या वर्षी पहिल्यांदा उडाला. सोळाव्या वर्षी कुमारांच्या संघात आणि विशीच्या आत देशाच्या संघात. मोठ्या स्पर्धेत सर्वांत वरचा क्रमांक नववा. त्या खेळात तेव्हा पैसे मिळत नसत. हिवाळ्यात उड्या आणि उरलेलं वर्ष जहाजांना रंग, असं चालायचं. सव्विसाव्या वर्षी एका सरावाच्या उडीत वाऱ्यानं त्याला उलटं केलं. उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली. संघातून नाव गेलं. त्यानंतर तो बहरीनला आला. आमची ओळख झाली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याच्या खेळात ते म्हातारपण समजलं जात होतं. गुडघा बरा झाला आहे असं त्याचं म्हणणं होतं. त्याला आणखी एक हिवाळा हवा होता.

सरावात जंपरला झेलणारा माणूस लागतो, हेही त्या दिवशी कळलं. उसळी कुठल्या क्षणी घ्यायची हे सगळ्यांत महत्त्वाचं. ती केसभर उशिरा घेतली तरी हवेत मीटर कमी होतात. म्हणून घसरणीशिवायही ती उसळी हजारदा घोटायची असते. प्रशिक्षक समोर उभा राहतो, उडणाऱ्याला कमरेशी धरून डोक्यावर उचलतो आणि हवेतल्या आसनात थोडा वेळ धरून ठेवतो. आपलं अंग बरोबर आहे की नाही ते उडणाऱ्याला तेवढ्या वेळात कळतं. बहरीनमध्ये नॉर्वेकरला असा माणूस मिळत नव्हता, म्हणून तो ताडपत्र्यांवर पडत होता.

आम्ही मुहर्रकच्या जुन्या वस्तीत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. मागं मोकळी जागा होती आणि पुढं ओहोटीला उघडा पडणारा समुद्र. तिथं दोघांनी जाड फळ्यांचा एक उतार तयार केला. रंगाचे पिंप वाहण्याची चाकाची गाडी नॉर्वेकरनं गोदीच्या भंगारातून आणली. तो वरून गाडीवर उकिडवा बसून यायचा आणि टोकाला उसळी मारायचा. पुढं माझा नवरा पाय रोवून उभा असायचा. सकाळी कामाच्या बसच्या आधी आणि शुक्रवारी उन्हं चढेपर्यंत हे चालायचं. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना बघत असे. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही हातांवर तो माणूस आडवा, नजर समुद्राकडं, हात अंगालगत. मग माझा नवरा त्याला हळूच खाली ठेवायचा, जहाजाचा सुटा भाग ठेवावा तसा. खालच्या मजल्यावर राहणारे म्हातारे अरब घरमालक दारात खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक उडीला "मजनून" म्हणायचे. म्हणजे वेडा. पण एकाही सकाळी ती खुर्ची रिकामी नसायची.

गोदीच्या बसमध्ये या प्रकाराची चर्चा व्हायची. एक रत्नागिरीचा वेल्डर रोज विचारायचा, "काय मास्तर, आज किती वेळा पोराला कडेवर घेतलंत?"

"तुला घेतला असता," माझा नवरा म्हणायचा, "पण क्रेन बुक करावी लागेल."

नॉर्वेकर आमच्याकडं जेवायचा. त्या वर्षांत आमच्या घरात तिसरं पान असलं तर त्याचंच. तो मला वहिनी म्हणायला शिकला, कारण गोदीतली सगळी मुलं तसं म्हणायची. वाढायला लागले की ताटावर हात आडवा धरून म्हणायचा, "वहिनी, हाफ." हवेत वजन ओढतं, म्हणून तो अर्धं थालीपीठ आणि काकडी खाऊन उठायचा. मला ते बघवत नसे. मी आग्रह केला की माझा नवरा म्हणायचा, "अगं, वाढू नकोस. उद्या सकाळी मलाच उचलायचाय."

एक वर्ष आणि काही महिने असे गेले. पहिल्या हिवाळ्यात गुडघा सुजला, त्यामुळं तो गेलाच नाही. दुसऱ्या वर्षी मात्र नोव्हेंबरात निघायचं ठरलं. पूर्ण हिवाळ्याची बिनपगारी रजा कंपनी द्यायला तयार नव्हती. माझा नवरा स्वतः मॅनेजरकडं गेला आणि बोलला. तोडगा असा निघाला की संघात निवड झाली तर नॉर्वेकरनं कळवायचं आणि हंगाम संपेपर्यंत तिकडं राहायचं. नाही झाली तर परत येऊन कामावर रुजू व्हायचं. जागा तोवर राखली जाईल. निघायच्या आदल्या दिवशी नॉर्वेकर आमच्या गच्चीवर कठड्याला टेकून उभा होता. विमानतळ जवळच होता, डोक्यावरून विमानं उतरत होती. तो म्हणाला की नाही जमलं तर पुन्हा रंग तपासायचा, त्यात वाईट काय आहे. माझा नवरा म्हणाला, "गोदी काही पळून जात नाही. आणि मीही कुठं जात नाही."

देशांतर्गत निवडीत नॉर्वेकर शेवटच्या क्रमांकानं का होईना, आत आला. त्याचा ट्रंक कॉल आला तेव्हा मी घरी होते. आवाज फाटत होता, पण "शेवटचा आलो, पण आलो" एवढं नीट ऐकू आलं. आता मध्य युरोपातल्या एका डोंगरी गावात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. तिच्यात पहिल्या दहांत आला तर त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या संघात जागा. नाही आला तर कारकीर्द तिथंच संपणार होती. स्पर्धा रविवारी दुपारी होती. त्यानं आपल्या हॉटेलचं नाव सांगितलं आणि माझ्या नवऱ्यानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

बहरीनमध्ये रविवार कामाचा दिवस. मी ऑफिसात होते, नवरा गोदीत. आमच्या ऑफिसात वृत्तसंस्थांच्या बातम्या टेलिप्रिंटरवर यायच्या. मशीन कागदाच्या भेंडोळ्यावर अखंड टाईप करत राहायचं. मोठी बातमी एकदम येत नसे, तुकड्यांनी यायची आणि प्रत्येक तुकड्याखाली पुढं आणखी आहे अशी खूण असायची. शेवटचा तुकडा येईपर्यंत बातमी हातात धरायची नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं. स्की जंपिंग आमच्या पानावर जाणारच नव्हतं. तरी खेळाच्या डेस्कवरच्या केरळी सहकाऱ्यानं माझ्यासाठी ते मशीन डोळ्याखाली ठेवलं होतं. चारच्या सुमारास त्यानं कागद फाडून माझ्यासमोर ठेवला. पहिली फेरी चालू होती. नॉर्वेकरनं दिवसातली सर्वांत लांब उडी मारली होती. त्याच्या नावापुढं मीटरचा आकडा होता आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या स्पर्धकापेक्षा तो बराच मोठा होता. उडी उताराच्या सुरक्षित मर्यादेच्याही पुढं गेल्याचं वाक्य शेवटी होतं. खाली पुढं आणखी आहे ही खूण होती.

मी गोदीत फोन लावला. नवऱ्याला बोलावून आणेपर्यंत वेळ गेला. मी मजकूर वाचून दाखवला.

"म्हणजे सगळ्यांत लांब तोच ना?" त्यानं विचारलं.

"आत्तापर्यंत. अहो, फेरी चालू आहे अजून. ऐकताय ना?"

"लांब तोच ना पण?"

"हो. आत्तापर्यंत."

"मग झालं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पुढचा तुकडा अर्ध्या तासानं आला. नॉर्वेकरच्या उडीनंतर पंचमंडळानं फेरी थांबवली होती. असा नियमच आहे. वेग जास्त मिळत असेल किंवा वारा खालून उचलत असेल, तर स्पर्धक उतार संपतो तिथं सपाटीवर जाऊन आदळू शकतात. एखादी उडी मर्यादेपलीकडं गेली की पंच सुरुवातीची जागा खाली घेतात आणि फेरी नव्यानं सुरू करतात. तोवर झालेल्या सगळ्या उड्या रद्द. त्यांची नोंद राहत नाही. उडी जितकी लांब तितकी फेरी रद्द व्हायची शक्यता जास्त, आणि त्या दिवशी तसंच झालं होतं. नॉर्वेकर लांब उडाला म्हणून फेरी रद्द झाली होती.

मी पुन्हा गोदीत फोन केला. मास्तर टॅक्सी करून मनामाला गेले, असं उत्तर मिळालं.

शेवटचा तुकडा संध्याकाळी आला. नव्या फेरीत आणि त्यानंतरच्या फेरीत मिळून नॉर्वेकर चौतिसावा होता. पहिल्या दहांची नावं वर होती. पूर्ण यादी त्या दिवशी मशीनवर आली नसती, तर मला त्याचा क्रमांक कळलाही नसता.

तोवर माझ्या नवऱ्यानं मनामाच्या बाजारात, देवळाजवळच्या मिठाईच्या दुकानात जाऊन पेढ्यांचा अख्खा ट्रे उचलला होता. आमच्याकडं निकाल लागला की पहिलं काम ते. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाला नोकरी लागली, की घरात यायच्या आधी पेढे घ्यायचे आणि भेटेल त्याच्या हातावर ठेवायचे. माझ्या नवऱ्याच्या हिशेबी निकाल लागला होता. वाटेत तो तारघरात गेला. कॅलेंडरवरचं हॉटेलचं नाव त्याला पाठ होतं. तार इंग्रजीत होती, तिचा अर्थ असा: सगळ्यांत लांब. गोदीभर पेढे वाटले. वाट पाहतो. मग तो गोदीवर परतला आणि शिफ्ट सुटलेल्या बसेसच्या रांगेत, एकेका बसमध्ये चढून, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत गेला. नॉर्वेकर कोण हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्यानं दिला. वेल्डर मागाहून मला सांगत होता की वहिनी, मास्तर त्या दिवशी बारशाला वाटावेत तसे वाटत होते.

मी घरी आले तेव्हा तो ट्रे धुवत होता. मी त्याला कागद दिले. तिन्ही तुकडे त्यानं सावकाश वाचले. मग विचारलं, "म्हणजे उडाला नाही असं म्हणायचं?"

"उडाला. पण ती मोजायची नाही."

"मोजली तर होती. आकडा आहे की इथं."

"रद्द केली, अहो."

"ज्यानं बघितलं त्यानं बघितलं ना?" तो म्हणाला. "ते कसं रद्द करणार?"

मी दुसरी तार पाठवायला सांगितलं. परत ये, एवढीच. तो नाही म्हणाला. पेढे दिले ते काही लोकांच्या हातातून परत घेणार नाही आणि तारही परत घेणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय सांत्वनाची तार आली की माणसाला हरल्याची खात्री पटते. त्यापेक्षा पहिली तारच बरी. तिच्यात वाट पाहतो असं लिहिलेलं आहे, तो येईल.

नॉर्वेकर आला नाही. फोनही आला नाही. जागा राखायची मुदत संपली. मॅनेजरनं माझ्या नवऱ्याच्या शब्दाखातर आणखी काही आठवडे थांबून पाहिलं, मग इंग्लंडहून दुसरा इन्स्पेक्टर मागवला. गोदीच्या निवासी कॅम्पमधल्या खोलीतलं नॉर्वेकरचं सामान कंपनीनं खोक्यात भरून पाठवून दिलं. माझा नवरा बरेच दिवस सकाळी लवकर उठत राहिला. बसची वेळ होईपर्यंत मागच्या जागेत उभा राहायचा. फळ्यांचा उतार पहिल्या पावसाळी वाऱ्यात उपटला गेला तेव्हा त्यानं त्या फळ्या घरमालकांना दिल्या.

मात्र गोष्ट सांगणं त्यानं सोडलं नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात चाळीस-पन्नास कुटुंबं होती. कोजागिरीला, गणपतीला, कुणाच्या घरी जेवायला जमलं की कुणीतरी म्हणायचं, मास्तर, तुमचा नॉर्वेकर सांगा. माझा नवरा उभा राहून सांगायचा. खोक्यावरून पडणारा माणूस, मजनून म्हणणारे घरमालक, मग ती उडी. आकडा सांगताना तो आवाज खाली आणायचा. "सगळ्यांत लांब," असं म्हणून थांबायचा. फेरी रद्द झाली हेही तो सांगायचा, पण पंचांच्या चुकीसारखं. लोक हळहळायचे आणि टाळ्याही वाजवायचे. दरवर्षी नवी कुटुंबं यायची आणि त्यांना ती गोष्ट नव्यानं ऐकवली जायची. यात काही वर्षं गेली.

सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल सुरू झाला त्या सुमारास एका शुक्रवारी सकाळी फोन वाजला. नॉर्वेकर विमानतळावरून बोलत होता. सिंगापूरला एका गोदीत नोकरी लागली होती, संध्याकाळपर्यंत पुढचं विमान नव्हतं. माझा नवरा पायात चप्पल अडकवून तसाच निघाला. जाता जाता मंडळातल्या दोन कुटुंबांना जेवायला या म्हणून सांगून गेला.

नॉर्वेकर जाड झाला होता. केस विरळ झाले होते, उजवा पाय किंचित ओढत होता. दारात त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि वहिनी म्हणाला. माझा नवरा त्याच्याभोवती नुसता फिरत होता. जेवायला मी केलं होतं ते सगळं नॉर्वेकरनं खाल्लं आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

जेवण झाल्यावर पाहुण्यांपैकी एकानं, बँकेत काम करणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी, अपेक्षेप्रमाणं विषय काढला. माझा नवरा उभा राहिला. नॉर्वेकरला कळावं म्हणून त्यानं गोष्ट इंग्रजीत सांगितली. सवयीनं आवाज खाली आणून आकडा सांगितला, थांबला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बँकेतल्या गृहस्थांनी नॉर्वेकरचा हात हातात घेऊन हलवला. नॉर्वेकर हसला, पण तो माझ्या नवऱ्याकडं पाहत नव्हता. पुढ्यातला पाण्याचा पेला त्यानं एकदा उचलला आणि न पिता ठेवला.

पाहुणे गेल्यावर मी सरबत घेऊन आले. दोघं गच्चीच्या दारात बसले होते. नॉर्वेकर हळू आवाजात बोलत होता आणि मी बसल्यावरही थांबला नाही. तो जे सांगत होता ते असं. त्या दिवशी तो उताराच्या अगदी शेवटी, जवळजवळ सपाटीवर उतरला होता. तिथं उतरणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर उडी मारण्यासारखं. तो उभा राहिला, पडला नाही, पण गुडघ्यात काहीतरी गेलं हे त्याला तिथंच कळलं. पट्ट्या सोडत असतानाच लाऊडस्पीकरवर फेरी रद्द झाल्याचं सांगितलं गेलं. पंचांचं बरोबर होतं, असं तो दोनदा म्हणाला. त्यांनी थांबवलं नसतं तर पुढचा कुणी मेला असता. मग नियमाप्रमाणं प्रत्येकानं पट्ट्या खांद्यावर घेऊन पुन्हा पायऱ्या चढायच्या होत्या. तो त्या गुडघ्यानं वरपर्यंत चढला. घसरणीच्या टोकाला उसळी घेतली तेव्हा पायात जोरच उरला नव्हता.

"आणि माझी तार?" नवऱ्यानं विचारलं.

"हॉटेलच्या काउंटरवर होती. संघातल्या मुलांनी विचारलं काय आहे. मी वाचून दाखवली."

"मग?"

"सगळी हसली. मीही हसलो." मग तो म्हणाला, "मास्तर, मी तिकीट काढलं होतं. परतीचं. मग ती तार पुन्हा वाचली. तुमच्याकडं मी जिंकलो होतो. सगळ्या गोदीनं मिठाई खाल्ली होती. तिथं येऊन बसमध्ये बसायचं आणि प्रत्येकाला सांगायचं की नाही, मी हरलो? मला नाही जमलं."

माझ्या नवऱ्यानं सरबताचा पेला खाली ठेवला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी तुम्हाला दोष देत नाही," नॉर्वेकर म्हणाला. "एकच मागतो. ती गोष्ट आता सांगू नका. कुणी त्या उडीचा विषय काढला की मला त्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात."

"बरं," माझा नवरा म्हणाला.

त्यानंतर ते गोदीतल्या लोकांबद्दल बोलत बसले. रत्नागिरीचा वेल्डर गावी परतला होता, त्यानं आंब्याची कलमं लावली होती. घरमालक वारले होते. चार वाजता टॅक्सी आली. दोघांनी हात मिळवले. माझ्या नवऱ्यानं त्याची बॅग टॅक्सीत ठेवली आणि दार लावलं. गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागेपर्यंत तो रस्त्यात उभा होता. वर आल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तू म्हणाली होतीस ना, दुसरी तार पाठवा म्हणून?"

मी म्हटलं, "त्यालाही आता बरीच वर्षं झाली."

तो अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडला. रात्री जेवला नाही.

त्या वर्षी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती झाल्यावर सतरंज्यांवर पानं मांडली गेली. जेवणं उरकत आली तसं, नेहमीप्रमाणं, बँकेतल्या गृहस्थांनी नुकत्याच आलेल्या एका तरुण जोडप्याला सांगितलं की आता मास्तरांची गोष्ट ऐका. त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. तो उठला नाही. त्या मुलीनं उत्सुकतेनं विचारलं, "काका, ते तुमचे मित्र बर्फावर उडायचे म्हणे?"

"हो," माझा नवरा म्हणाला. "चौतिसावा आला होता."

ती मुलगी पुढं काही येईल म्हणून थांबली. बँकेतले गृहस्थ आधी हसले आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा नवरा पान उचलून, वाकून, कोपऱ्यातल्या पिंपाकडं चालत गेला.